टेकडीचा फोटो काढायचा तर

टेकडीचा फोटो काढायचा तर आधी टेकडीवरून खाली उतरावं लागतं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये टेकडीचे म्हणून जे फोटो असतात, त्यांतले बहुतेक शहराचे असतात. समोर इमारतींचा पसारा, मधूनच एखादा उड्डाणपूल, वर तांबूस सूर्य. टेकडी बिचारी पायाखाली. फोटो वाईट नसतात, फक्त ते टेकडीचे नसतात.

उदाहरण म्हणून वेताळ टेकडीच घेतो, कारण ती अगदी बेताची आहे. पुणे शहरातला सगळ्यांत उंच भाग म्हणून तिचा मान. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ८०० मीटर. पण शहरच ५६० मीटरवर वसलेलं, त्यामुळे डोळ्यांना दिसते ती उंची जेमतेम अडीचशे मीटर. सुळका नाही, ताशीव कडा नाही, तटबंदी नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातून राहिलेली ही सपाट पाठ. सिंहगडाचा फोटो कोणत्याही दिवशी सिंहगडाचाच दिसतो. वेताळ टेकडीचं तसं नाही. तिच्यावर ऊन कुठून पडलंय, मागे आभाळ कसं आहे, गवत कोणत्या रंगाचं आहे, यावरच सगळी मदार. तुमच्या गावची टेकडी दुसरी असेल. संभाजीनगरकरांना गोगाबाबा आहे, नागपूरकरांना सेमिनरी हिल्स. दिशा आणि तारखा बदलतील, हिशेब तोच राहील.

पहिला प्रश्न उभं कुठे राहायचं हा. टेकडीला अगदी बिलगून, पायथ्याच्या रस्त्यावरून फोटो काढला तर समोर फक्त चढ दिसतो. माथा मागे सरकतो आणि टेकडीचा आकारच हरवतो. दोन ते पाच किलोमीटर लांब जा आणि थोडी उंच जागा शोधा. ओळखीच्यांची गच्ची, एखादा पूल, दुसरी टेकडी. पुणेकरांना पर्वती आयतीच आहे. १०३ पायऱ्या चढून वर गेलं की वायव्येला वेताळ टेकडीची लांबट रेघ दिसते.

आता लेन्स. निसर्गचित्र म्हटलं की वाइड लेन्स लावायची, हा समज लहान टेकडीच्या बाबतीत मारक ठरतो. वाइडमध्ये जवळचं झुडूप अजस्र होतं आणि टेकडी क्षितिजावरची सुरकुती होऊन जाते. कॅमेरा असेल तर ७० ते २०० मिलिमीटर, मोबाइल असेल तर त्याची दोनपट किंवा तीनपट झूमची स्वतंत्र लेन्स वापरा. बोटांनी ताणून केलेलं झूम नको, त्यात नुसते ठिपके मोठे होतात. लांबून अशा टेली लेन्सने पाहिलं की मधल्या इमारती टेकडीला चिकटल्यासारख्या दिसतात आणि तिची उंची अंगावर येते. इमारती चुकवायच्या भानगडीत मात्र पडू नका. त्या टेकडीला माप देतात. पुण्यातली टेकडी इमारतींशिवाय दाखवणं हा मला तर थोडा खोटेपणाच वाटतो.

जागा ठरली की मोबाइलमधलं होकायंत्र उघडा आणि टेकडी कोणत्या दिशेला आहे ते लिहून ठेवा. या एका नोंदीवर वर्षभराचं वेळापत्रक बसवता येतं. पुण्यात जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला. म्हणजे वर्षभरात उगवतीची जागा क्षितिजावर तब्बल पन्नास अंश सरकते. पर्वतीवरून वायव्येकडे पाहताना याचा परिणाम काय होतो पाहा. डिसेंबरात सकाळी नऊच्या सुमारास सूर्य बरोबर तुमच्या पाठीमागे असतो. ऊन टेकडीवर समोरून पडतं, सावल्या झाडांच्या मागे लपतात आणि सगळा उतार सपाट पुठ्ठ्यासारखा दिसतो. हवा छान, थंडी छान, फोटो मात्र निर्जीव. त्याच दिवशी दुपारी साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान ऊन डावीकडून उताराला घासून जातं. तेव्हा प्रत्येक ओघळ, पायवाट, झाडांची प्रत्येक रांग उठून दिसते. आणखी तासाभराने अख्खा उतार सावलीत गेलेला असतो. म्हणजे सूर्यास्ताची वाट पाहत बसलात तर गाडी चुकली. मे महिन्यात उलट: तिथूनच सकाळी सातचं ऊन उजव्या बाजूने येतं, तेव्हा सकाळ साधावी.

पाषाणच्या बाजूने पाहिलं तर सगळा खेळच फिरतो. टेकडी पूर्वेला येते, हिवाळ्यात सूर्य साधारण तिच्याच मागून उगवतो आणि फक्त कडेची काळी रेघ मिळते. संध्याकाळी मात्र पश्चिमेचं पिवळं ऊन सरळ तिच्या अंगावर. म्हणून एका टेकडीसाठी निदान दोन जागा हव्यात, एक उगवतीच्या बाजूची, एक मावळतीची. तिसरी सापडली तर उत्तम. दहा जागा शोधू नका, कारण खरं काम पुन्हा पुन्हा तिथेच जाण्यात आहे.

पुन्हा जाताना फ्रेम जुळली पाहिजे, आणि त्यासाठी ट्रायपॉड लागतोच असं नाही. पर्वतीवर असाल तर कठड्याचा ठरावीक दगड पकडा, गच्चीवर असाल तर टाकीचा कोपरा. पहिल्या फोटोच्या एका कडेला न हलणारी वस्तू येऊ द्या, एखादा मोबाइलचा मनोरा किंवा देवळाचा कळस. पुढच्या वेळी जुना फोटो उघडून ती वस्तू त्याच जागी बसवायची. लेन्स तीच, कॅमेऱ्याची उंची तीच. एवढं सांभाळलं की दोन फोटोंमध्ये जो फरक दिसेल तो हवेचा आणि ऋतूचा असेल, तुमच्या हाताचा नसेल. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. कॅमेऱ्यात, आणि मोबाइलच्या प्रो मोडमध्येही, उन्हाचं चिन्ह असतं, तेच कायम ठेवा. ऑटोवर ठेवलं की कॅमेरा मळभातला निळेपणा आणि संध्याकाळचा पिवळेपणा दोन्ही पुसून टाकायला बघतो, आणि आपल्याला हवा असतो तो नेमका तोच.

आता हवेकडे वळू. माझ्या मते वर्षातला सगळ्यांत मोठा मुहूर्त वळवाचा, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंतच्या दुपारी. दिवसभर टेकडी भाजलेल्या विटेच्या रंगाची, आभाळ पांढुरकं. तीनच्या सुमारास एका बाजूला ढगांचे मनोरे चढायला लागतात. वारा सुटतो, धूळ उडते, थेंब येतात. या गडबडीत लोक टेकडीवर धावतात, ते करू नका. पश्चिमेच्या बाजूला, पाषाणकडे जाऊन थांबा. सर पूर्वेकडे सरकली आणि पश्चिमेला ढगांखाली चार बोटं फट पडली की कलतं ऊन त्या फटीतून थेट टेकडीवर येतं आणि तिच्या मागे शाईसारखं काळं आभाळ असतं. एरवी जिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही ती टेकडी तेव्हा उजळून निघते. हे सगळं पाच-दहा मिनिटांत आटोपतं. या वेळी कॅमेरा काळ्या आभाळाला फसतो आणि फोटो जास्त उजेडाचा घेतो, मग उजळलेला उतार पांढरा पडतो. एक्स्पोजर एक थांबा, म्हणजे एक स्टॉप, खाली आणा. मोबाइलवर उजळ उतारावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की सूर्याचं चिन्ह खाली ओढा.

इंद्रधनुष्याचंही गणित आहे. ते सूर्याच्या बरोबर समोर पडतं आणि सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा खाली असेल तरच जमिनीवरून दिसतं. मे महिन्यात पुण्यात याचा अर्थ दुपारी चारनंतर, आणि पूर्वेला. म्हणजे टेकडीवर कमान हवी तर पुन्हा पश्चिमेचीच जागा. पावसाळ्यात सकाळी सरी येतात तेव्हा उलट, शहराच्या बाजूने पश्चिमेकडे पाहायचं.

विजांशी मात्र खेळ नको. उघड्या पठारावर आपणच सगळ्यांत उंच असतो, आणि एकट्या झाडाखाली उभं राहणं त्याहून वाईट. गडगडाट ऐकू आला की माथ्यावरून खाली यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. विजेचा फोटो हवाच असेल तर घराच्या आतून, खिडकीतून घ्या. रात्री ट्रायपॉडवर दहा-पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर, एकामागून एक. एखाद्यात वीज सापडते.

जून संपता संपता टेकडी हिरवी व्हायला लागते, आणि इथे फोटोंचा एक नवाच त्रास सुरू होतो. पहिल्या पावसानंतरचा हिरवा पोपटी असतो, विरळ, खालची माती दाखवणारा. श्रावणात तो दाट होतो. भाद्रपदात गवताला तुरे येतात आणि हिरव्यावर जांभळट-तपकिरी साय चढते. हे तीन वेगळे हिरवे आहेत. पण मोबाइल तिन्हींना एकाच भडक हिरव्यात बुडवतो. फोटो दुरुस्त करताना संपृक्तता वाढवण्याचा मोह टाळा. हिरव्याची थोडी कमीच करा. ओल्या पानांवरची पांढरी चमक काढायला पोलरायझर फिल्टर कामाचा. तो फिरवला की चमक जाते, आतला रंग वर येतो आणि भिजलेला कातळ काळाभोर दिसतो. तो दीड-दोन थांबे प्रकाश खातो, तेवढा आयएसओ वाढवावा लागेल.

पुणं पर्जन्यछायेत. इथे कोकणासारखा कोसळणारा पाऊस कमी, रिपरिप आणि पळते ढग जास्त. ते फोटोच्या पथ्यावर पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये ढग कधी इतके खाली येतात की माथ्यावरचं वेताळाचं देऊळ दिसेनासं होतं. लांबून पाहताना टेकडी अर्धीच उरते, वरचा भाग आभाळात. अशा वेळी निम्मे लोक कॅमेरा पिशवीत ठेवतात, तुम्ही तेव्हाच काढा. करड्या रंगाला कॅमेरा अंधारा करतो म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक थांबा वर न्या. मग एकाच जागी वीस मिनिटं थांबा. ढग वर-खाली होत राहतात. आधी एखादं झाड दिसतं, मग झाडांची रांग, मग मागची सोंड. यांतली कोणती पायरी पकडायची हा तुमच्या नजरेचा भाग. मला सगळं दिसण्याच्या जरा आधीची आवडते.

पडणारा पाऊस फोटोत दिसत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तो उजळ आभाळासमोर दिसणारच नाही; मागे काहीतरी गडद लागतं, दाट झाडी किंवा टेकडीवरच्या दगडखाणीची काळी भिंत. शटर सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास ठेवलं की थेंबांच्या रेघा होतात, पाचशेव्या भागाला तेच थेंब जागच्या जागी थांबतात. उन्हात पाऊस पडत असेल तर सूर्याच्या दिशेने तोंड करून, लेन्सवर हाताची सावली धरून पाहा. प्रत्येक थेंब चमकतो.

पावसाळ्यात कॅमेऱ्याचा खरा शत्रू भिजणं नाही, बुरशी आहे. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसायला लागले की दुरुस्तीचा खर्च डोळे पांढरे करतो. घरी आल्यावर ओली पिशवी कपाटात कोंबू नका. कॅमेरा पुसून पंख्याखाली ठेवा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. जेलचे दाणे निळे असतात ते ओल खाऊन गुलाबी होतात, तेव्हा तापवून पुन्हा वापरायचे. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरण्याचा उपाय मात्र करू नका. तांदळाचा पिठूळ कण बटणांत आणि लेन्सच्या खाचांत जातो. आणखी एक, एसी गाडीतून उतरून लगेच झाकण काढलं तर काचेवर वाफ धरते. कॅमेरा पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्या.

हस्ताचा पाऊस संपला की हवा धुतल्यासारखी होते. ऑक्टोबरमध्ये दक्षिणेला सिंहगड आणि त्याच्यावरचा दूरदर्शनचा मनोरा जितका स्पष्ट दिसतो तितका वर्षात क्वचितच. हे दिवस थोडे असतात, ते लांबच्या दृश्यासाठी राखून ठेवा. गवत याच सुमारास सोनेरी व्हायला लागतं, आणि आता टेकडीवर चढायला हरकत नाही. कुसळी गवताची गंमत सूर्याच्या विरुद्ध बाजूने पाहण्यात आहे. सकाळी सूर्य समोर घेऊन जमिनीलगत बसा, फोकस एका तुऱ्यावर. कुसळं प्रकाशाच्या तारांसारखी पेटतात आणि मागची टेकडी फिक्या सोनेरी धुक्यात विरघळते. मोजे जाड घाला. ती कुसळं नंतर घरी उपटत बसावं लागतं.

थंडीतलं पुण्याचं धुकं आता पुरतं धुकं राहिलेलं नाही, त्यात धूर भरपूर असतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण, आणि शहराचा धूर त्याखाली अडकतो. टेकडीच्या माथ्यावरून डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला पाहिलंत तर ही करडी पट्टी वरून कापल्यासारखी सरळ दिसते. छायाचित्रकार म्हणून तिचा फायदा घ्या. टेलीने काढलं की पुढची सोंड गडद, मागची फिकट, त्यामागची आणखी फिकट असे पदर सुटतात. हेच फोटो कृष्णधवल करून पाहा, रंगांपेक्षा बरे वाटतील. आणि त्या पट्टीच्या आत आपलंच घर आहे, हेही सहज लक्षात येतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये माझा सल्ला फुलांचा. लांबून टेकडी तेव्हा राखाडी दिसते, काढण्यासारखं फारसं काही नसतं. जवळ जा. वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्पाच्या काटक्यांवर पानं नसतात आणि फिकट गुलाबी फुलांचे घोस असतात. झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, इथल्या निसर्गप्रेमींचा त्याच्यावर राग आहे, पण सकाळच्या उन्हात ते दिसतं सुंदर, हे नाकारता येत नाही. इथला पांगारा, पळस, पिवळ्याधमक फुलांचा गणेर हेही याच दिवसांत. यांचे फोटो नुसत्या फुलांचे नकोत, मागे उतार किंवा माथा आला पाहिजे, नाहीतर ते कोणत्याही बागेतले वाटतील.

उन्हाळ्याच्या भर दुपारी काय करायचं? बहुतेक वेळा घरी बसायचं. तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते, टेलीने काढलेला फोटो कितीही महागड्या लेन्सचा असला तरी मऊ पडतो. १३ मेच्या सुमारास पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या दिवशी खाणीत उतरलात तर उभ्या कातळावरच्या प्रत्येक खाचेखाली सरळ सावली पडलेली दिसेल. एवढं एक सोडलं तर दुपार सोडून द्या.

चंद्राचा विचार करणाऱ्यांसाठी एक हिशेब. चंद्राचा व्यास आभाळात सुमारे अर्धा अंश. तीन किलोमीटर लांबच्या टेकडीवर तो उगवला तर टेकडीवरच्या सुमारे २६ मीटरच्या वस्तूएवढा, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीएवढा दिसतो. जवळ गेलात तर टेकडी मोठी होते, चंद्र होत नाही. म्हणून इथेही लांबची, पश्चिमेची जागा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जा. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या आधी उगवतो, टेकडीवर अजून उजेड असतो आणि एकाच एक्स्पोजरमध्ये दोघंही सापडतात. ऐन पौर्णिमेला टेकडी काळी पडते आणि चंद्राची पांढरी टिकली होते.

टेकडीवर वावरताना काही गोष्टी पाळा. हद्द वनखात्याची आहे, फलकावरच्या वेळा वाचा. अंधारात महागडा कॅमेरा घेऊन एकट्याने थांबू नका. मोर, तित्तर आणि जमिनीवर अंडी घालणारी टिटवी इथे आहेत. घरटं सापडलं तर फोटोतून जागेची माहिती काढून टाका. ड्रोन उडवायचा असेल तर आधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, पुण्याच्या आभाळात वाटेल तिथे उडवता येत नाही.

फोटो साठले की फायलींना नावं देताना तारीख, वेळ आणि जागा एवढं तरी लिहा. २०२३च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीवरच्या नियोजित रस्त्यांच्या विरोधात पुणेकरांनी मोर्चा काढला. अशा वादांमध्ये एकाच जागेवरून तारखेसकट काढलेले फोटो कामाला येतात. कुठली झाडी होती, पायथ्याची इमारत कधी वर आली, हे त्यांत आपोआप नोंदलेलं असतं. सूर्यास्ताच्या देखण्या फोटोला ते जमत नाही.

आणि मांडणी करताना जानेवारी ते डिसेंबर अशी कॅलेंडरसारखी ओळ लावू नका. एकाच जागेवरचे दोन फोटो शेजारी ठेवा, मेमधला आणि ऑगस्टमधला, किंवा एकाच दिवशी सकाळी नऊचा आणि दुपारी चारचा. पोस्टकार्डाच्या आकारात छापून जेवणाच्या टेबलावर पसरले की कोणती जागा चुकीची निवडली आहे ते पाच मिनिटांत कळतं. ती जागा सोडा आणि तिच्याऐवजी दुसरी शोधायला पावसाळ्याआधी एकदा फेरी मारून या. झाडांना पानं नसतात तेव्हा कुठून काय दिसतं हे नीट समजतं. मात्र समोर झाडी असेल तर ती पाऊस पडल्यावर किती भरेल याचा अंदाज धरूनच जागा पक्की करा.